तार गावात आली, वस्तीत कधी येणार?

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, आरटीईचा प्रवेश ऑनलाईन, सातबाराही संगणकावर. शासनाचे दार आता इंटरनेटवर उघडते. आम्ही तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. तारखेला येणारे समाजबांधव पिशवीत मुलांची कागदपत्रेही घेऊन येतात. कारण काय, तर वस्तीत फॉर्मचे पान शेवटपर्यंत उघडत नाही. एका अर्जापायी दिवसाची मजुरी बुडते आणि मुदत हुकली तर मुलाचे वर्ष हातचे जाते. हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे काय? आम्ही म्हणतो, हा हक्काचा प्रश्न आहे.

पैसा कुणाचा ते आधी पाहू. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. तिच्या मागचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील ५ टक्के आकारणीतून उभा राहतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. कंपन्यांचा महसूल म्हणजे तुमच्याआमच्या रिचार्जचा पैसा. तेव्हा मोबाईल वापरणारा शेतमजूरही या तारेचा धनी आहे!

पण मूळ आराखड्यात तार ग्रामपंचायतीपर्यंतच यायची होती. कार्यालय गावठाणात आणि आपली वस्ती गावाबाहेर. मधले अंतर कोण ओलांडणार?

महाडचा इतिहास आठवा. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही तळे कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्यास बंदी आली. आज ज्ञानाचा पाणवठा तारेतून वाहतो. ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिडहल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यात ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना 'मागणीनुसार' जोडणी आणि दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन देण्याचे ठरले. 'मागणीनुसार' हा शब्द लक्षात ठेवा. जो मागणार नाही, त्याला मिळणार नाही.

मागणीसोबत श्रमही हवेत. इंग्लंडच्या लँकेशायर भागात कंपन्या येईनात, तेव्हा गावकऱ्यांनी २०११ मध्ये 'बी-फोर-आर-एन' ही संस्था काढली. लोकांनी भाग घेतले, शेतकऱ्यांनी शेतातून तार फुकट जाऊ दिली, स्वयंसेवकांनी चर खणले. पुढे सरकारी अनुदानाचाही त्यांनी उपयोग करून घेतला. वर्गणी आणि श्रमदानातून गावोगावी बुद्धविहार उभारणाऱ्या समाजाला हे अवघड आहे काय?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. येत्या ग्रामसभेत लेखी ठराव मांडा की, पहिली जोडणी वस्तीतील अंगणवाडीला, शाळेला आणि विहारातील अभ्यासिकेला द्यावी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के निधीतून मासिक खर्च मागा. तार कुठपर्यंत आली, चालू आहे की बंद, याची माहिती माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली विचारा. खांब आणि चर यांसाठी तरुणांनी हात द्यावा. आणि जोडणी आल्यावर तिचा पहिला उपयोग मुलींच्या अभ्यासासाठी व्हावा.

तळ्याचे पाणी कुणी ओंजळीत आणून दिले नव्हते. तारही कुणी दारात आणून देणार नाही. ग्रामसभेत उठून बोलावे लागेल.

जय भीम!