एका कान्याचा फरक

सहामाही परीक्षेच्या आधीचा रविवार होता. अशा रविवारी आमच्या बोरिवलीच्या घरात टीव्ही बंद असतो आणि मला वर्तमानपत्राची पाने हळू उलटायची ताकीद असते. नात दहावीला आहे, सीबीएसईच्या शाळेत. जेवणाच्या टेबलावर इंग्रजीचे पुस्तक उघडून ती जोडशब्दांच्या जोड्या लावीत बसली होती. ‘होमसिक’, ‘डेड्रीम’, ‘ब्लॉकहेड’. त्यानंतर फ्रेजल व्हर्ब्ज, मग संक्षिप्त रूपे. धडा तरी कोणता, म्हणून मी सहज पाने मागे उलटली आणि चपापलो. धडा ॲन फ्रँकच्या डायरीतला होता.

खरे सांगायचे तर मला राग आला. नाझी राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुले होती. त्यांतल्या एकीची वही हातात घ्यायची आणि खाली प्रश्न घालायचा, योग्य जोड्या लावा! कुणाच्या तेराव्याला जाऊन लाडवांची कृती लिहून घ्यावी, तसे वाटले.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. मुलगा दौऱ्यावर, सूनबाईंना सुट्टी नाही, म्हणून मी गेलो आणि इंग्रजीच्या बाईंना हे बोलून दाखवले. बाई तिशीतल्या असतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, “आजोबा, व्याकरणाला मार्क आहेत म्हणून मुलं हा धडा तीनदा वाचतात. मार्क नसते तर गाइडमधला सारांश वाचून मोकळी झाली असती. मला तर तीन वेळा वाचलेलं हवंय.” मी निरुत्तर झालो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला सक्तीचे महत्त्व कुणी सांगायला नको.

घरी येऊन तो धडा मी स्वतः वाचला. त्यात छळछावणी नाही, बंदुका नाहीत. तो जून १९४२मधला मजकूर आहे. तेरा वर्षांची मुलगी वर्गातल्या गमती सांगते आहे. वार्षिक निकालात कोण पास, कोण नापास याची चर्चा आहे, आणि बडबड केल्याबद्दल निबंध लिहायला लावणारे गणिताचे मास्तर आहेत, कीसिंग नावाचे. त्यानंतर काही दिवसांतच, ६ जुलै १९४२ रोजी, फ्रँक कुटुंब ॲमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात लपले. हे पुढचे सारे धड्याच्या आधीच्या छोट्या टिपणात उरकले आहे.

“आमचे मॅथ्सचे सर पण कीसिंगसारखेच आहेत,” नात म्हणाली. “एकदम हिटलर!”

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आले नाही. तिला दोष तरी कसा द्यावा? विशेषनामाचा सामान्यनामासारखा उपयोग हा आपल्या व्याकरणातला रीतसर नियम आहे. गावातल्या पैलवानाला आपण भीम म्हणतो आणि भांडण लावणाऱ्याला नारद. तसा कडक माणूस म्हणजे हिटलर. २०११मध्ये ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका घरोघरी पाहिली गेली. त्याआधी २००६मध्ये खारघरला कुणीतरी हिटलरचे नाव आणि चित्र लावून उपाहारगृह काढले होते. मुंबईच्या ज्यू मंडळींनी निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. त्याचे आत्मचरित्र तर फोर्टच्या फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले मी कितीदा पाहिले आहे.

याचे कारण आपण दुष्ट आहोत असे नाही. ज्यूंचा द्वेष आपल्याकडे कधी रुजलाच नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्वापार राहणारे बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. मलिद्याच्या प्रसादात पोहे, गूळ, खोबरे. शेजाऱ्याशी वैर नव्हते, म्हणून दूरदेशी त्याच्या जातभाईंचे काय झाले याची आठवणही आपल्याकडे आली नाही. आमच्या नातीच्या पिढीला ती एखाद्या धड्यातून आली तरच यायची.

तर अभ्यासाकडे वळतो. शाळेने एक जादा कागदही दिला होता. दोन साधी वाक्ये जोडून एक मिश्र वाक्य करा. तिने लिहिले होते त्याचे मराठी असे होईल: ‘ॲन ही अशी मुलगी होती, जी टायफसने मेली.’ गौण वाक्य बिनचूक होते. विशेषणवाक्य, आमच्या वेळी यालाच वाक्यपृथक्करणात दोन गुण असत.

मला मुलुंडच्या मराठी शाळेतले आमचे गुरुजी आठवले. कर्ता सापडेना की ते सांगत, क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण?’ विचारा. रामाने आंबा खाल्ला. खाणारा कोण? राम. मी नातीला म्हटले, “लाव बघू इथे.”

“मरणारी कोण? ॲन.”

“आता ‘मर’वर काना दे.”

ती थांबली. ‘मारणारा कोण?’ या प्रश्नाला तिच्या वाक्यात उत्तरच नव्हते. टायफस हा उवांमधून पसरणारा ताप. १९४५च्या सुरुवातीला बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत माणसे उपाशी, उघडी, एकमेकांवर रचल्यासारखी कोंडली होती. त्या तापात आधी मार्गोट, ॲनची थोरली बहीण, गेली आणि पाठोपाठ ॲन. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य तिथे पोचले. तापाने मेली हे खरेच आहे. पण ते खरे पुरेसे नाही.

मग आम्ही ते टिपण घेऊन बसलो. ‘त्यांचा विश्वासघात झाला’ अशा अर्थाचे तिथे एक वाक्य आहे. करणारा कोण? इथे कर्ता नाही याला कारण आहे. चुगली कुणी केली हे आजवर निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पण ४ ऑगस्ट १९४४ रोजी जिना चढून त्या आठ जणांना पकडणारा कोण, हे ठाऊक आहे. कार्ल झिल्बरबाउअर. सायमन वीझेन्थाल यांच्या शोधातून तो १९६३मध्ये सापडला, तोही व्हिएन्नात पोलिसाच्याच नोकरीत. चौकशी झाली, काही काळ निलंबन झाले, मग तो पुन्हा कामावर रुजू झाला. आठांपैकी एकटे ॲनचे वडील, ऑटो फ्रँक, जिवंत परतले. हुकमाचा ताबेदार म्हणून तो वागला, असे त्यांनीच सांगितले होते.

कर्ता नाहीसा करण्याची ही कला हिटलरच्या कचेऱ्यांत पूर्णत्वाला गेली होती. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्सीच्या बंगल्यात पंधरा अधिकारी जमले. त्यांतले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. बैठक दीड तासाच्या आसपास चालली. तिचे इतिवृत्त आइखमनने तयार केले. त्याची एक प्रत युद्धानंतर सापडली. त्यात देशवार तक्ता आहे, बेरीज एक कोटी दहा लाखांवर. ठार मारणे हा शब्द कुठेही नाही. पूर्वेकडे स्थलांतर आहे. कष्टांमुळे होणारी नैसर्गिक घट आहे. आणि त्यातूनही जे उरतील त्यांना यथायोग्य वागवले जावे लागेल, असे एक कर्मणी वाक्य आहे. कोण वागवणार, काय करणार, काही नाही. ड्रेस्डेनचे भाषातज्ज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर स्वतः ज्यू होते, नोकरीवरून काढलेले होते. असले शब्द ते चोरून टिपून ठेवत. ‘माथेफिरू’ हे विशेषण त्या राजवटीत स्तुतीचे कसे झाले, हे त्यांनी नोंदवले आहे. त्यांचे पुस्तक १९४७चे, ॲनची डायरीही १९४७चीच.

इतिवृत्ते मीही पुष्कळ लिहिली. बँकेत ती कला लागतेच. १९९१ साली रायगडच्या किनाऱ्यावर एका शाखेत होतो. एका नाखव्याने होडीच्या इंजिनासाठी कर्ज घेतले होते. दोन हंगाम मासळी लागली नाही, हप्ते थकले. मी पत्र पाठवले, ‘आपणास कळविण्यात येते की, विहित मुदतीत रक्कम न भरल्यास तारण होडीची जप्ती करण्यात येईल.’ पत्र घेऊन तो काउंटरशी आला.

“साहेब, हे कळवतो कोण?”

“बँक.”

“बँकेला हात हायेत? खाली सही तर तुमची हाय.”

होडीचा लिलाव आणि छावण्या एका मापाने मोजण्याइतका मी निर्बुद्ध नाही. वसुली कायदेशीर होती, रक्कम ठेवीदारांची होती. पण ते वाक्य लिहिताना मला हायसे वाटले होते, हे मला पक्के आठवते. ‘मी तुमची होडी जप्त करीन’ असे लिहायची सक्ती असती, तर कदाचित मी आधी एकदा बंदरावर जाऊन आलो असतो.

हे सारे नातीला सांगताना संध्याकाळ झाली. तिने पेन्सिलने आपले मिश्र वाक्य खोडले आणि नवे लिहिले. इंग्रजीत ते लांबलचक झाले, त्यात ‘हू’ दोनदा आला आणि एक स्वल्पविराम चुकला. नाझी हा शब्द मात्र कर्त्याच्या जागी होता. बाई किती गुण देतील, ठाऊक नाही.

“आबा, मग त्या होडीचं काय झालं?”

“लिलाव झाला.”

“झाला?” तिने मान वर करून विचारले.

“केला,” मी म्हणालो.

तिने पुस्तक पुढे ओढले. फ्रेजल व्हर्ब्ज अजून बाकी होती.