सांभाळून घेण्याची किंमत

जुन्नर आणि आंबेगावच्या ऊसपट्ट्यात रात्रीची लाइट आली की पाणी धरायला निघालेला माणूस आधी दोन फटाके वाजवतो. बिबट्या असेल तर निघून जावा, एवढाच हेतू. वस्तीवर कुणी दचकत नाही. पण समजा, त्या वस्तीवर काश्मीरमध्ये चकमकी बघून पेन्शनवर आलेला एक फौजी राहतो. फटाका वाजताच तो अंथरुणातून उठून भिंतीला चिकटतो. पुढची रात्र तो जागून काढतो, आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही.

हळूहळू ती सगळं बसवून घेते. शेजाऱ्यांना सांगते, फटाका लावण्याआधी हाक मारा. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करते. त्याला उठवायचं तर हात न लावता, दारातूनच आवाज देते. लग्नकार्याला एकटी जाते आणि ‘त्यांना जरा बरं नाही’ म्हणून वेळ मारून नेते. भावकीत तिचं कौतुक होतं, बाई किती सांभाळून घेते! मानसशास्त्राला काळजी वाटते ती नेमकी इथेच.

युद्धाच्या जखमेचं हे रूप वैद्यकाने उशिरा मान्य केलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’वर लिहिलं. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० साली. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकी पुरुषांच्या मोठ्या पाहणीत सुमारे ३१ टक्के जणांना आयुष्यात कधीतरी हा विकार झाल्याचं दिसलं. बायकांकडे लक्ष गेलं ते आणखी नंतर. १९८२च्या लेबनॉन युद्धात मानसिकदृष्ट्या कोसळलेल्या इस्रायली सैनिकांच्या पत्नींचा झहावा सॉलोमन यांनी अभ्यास केला. त्या स्त्रियांमध्ये मानसिक त्रास आणि एकटेपणा इतर सैनिकपत्नींपेक्षा जास्त होता.

संसार पोखरतो तो मात्र दचकणं किंवा वाईट स्वप्नं यांपेक्षा भावनांचा बधिरपणा. मुलगी पहिली आली तरी चेहरा हलत नाही, सासरे गेले तरी डोळ्यांत पाणी नाही. अनेक अभ्यासांत नवरा-बायकोतल्या दुराव्याशी सर्वात घट्ट नातं दिसलं ते या लक्षणाचं. आपल्याकडे त्यात एक भर पडते. जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. तोवरचा संसार बहुतेक सुट्टीतला असतो. रोजचं सहजीवन सुरू होतं तेच मुळी आजार घरात आल्यावर. मग ‘यांचा स्वभावच असा’ की हा आजार, हे तिने कशावरून ओळखायचं?

आता सांभाळून घेण्याकडे येऊ. भीती मेंदूतून पुसली जात नाही. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि काहीच वाईट घडलं नाही, की ‘इथे धोका नाही’ हा नवा धडा जुन्या भीतीला दाबून ठेवतो. पण आवाज कानावर पडूच दिला नाही, तर तो धडा मिळणार कसा? घरच्यांनी मायेने केलेली ही टाळाटाळ त्या दिवसापुरता आराम देते, पण आजार जागचा हलत नाही. शिवाय घराचं जग आक्रसतं आणि बायकोची झोप, माहेर, मैत्रिणी त्यात खर्ची पडतात. काही संशोधकांच्या मते तर तिचा त्रास नवऱ्याकडून ‘लागलेला’ आघात नसतोच. तो तिच्या स्वतःच्या कष्टांचा असतो.

अर्थात प्रत्येक भीती खोटी नसते. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. एप्रिल २०१७मध्ये लोक आमडे इथल्या नव्या गावठाणात गेले. जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात तिथे जमीन खचली, भेगा पडल्या. अशा वेळी पावसाला घाबरणाऱ्याला समुपदेशनाआधी पक्की जमीन द्यावी लागते. उसात बिबट्या असताना सावध राहणं हेही शहाणपणच. म्हणूनच या भागात आजारी सावधपणा शहाण्या सावधपणात बेमालूम लपतो. बॅटरी घेऊन गोठ्यापर्यंत जाऊन येणं वेगळं आणि दार लावून झाल्यावरही पहाटेपर्यंत कडी तपासत राहणं वेगळं.

उपाय आहेत. कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ४० जोडप्यांवर केलेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. नवरा-बायकोने एकत्र बसून १५ सत्रांत संवाद सुधारायचा आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू, मिळून सामोरं जायचं, अशी ती पद्धत. उपचारासाठी थांबलेल्यांच्या तुलनेत रुग्णांची लक्षणं कमी झाली आणि नात्यातलं समाधान वाढलं. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं. घरच्या घरी फटाके वाजवून नव्हे. आणि मारहाण होत असेल तर आधी तिची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. सैन्यदलातील लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत पत्नीच्या नावाचंही कार्ड निघतं. ती नवऱ्याच्या गोळ्या घ्यायला आली, की डॉक्टरांनी तिचंही कार्ड मागावं आणि ‘तुम्हाला झोप लागते का?’ हे विचारावं.