बारा बिघे, तीस पाळ्या

दिवाळीत अमझेऱ्याला गेलो की पहिला दिवस फराळात जातो आणि दुसऱ्या दिवशी दादाबरोबर शेतावर जावंच लागतं. सोयाबीन निघालेलं असतं, काळी जमीन मोकळी असते आणि गहू किती, हरभरा किती, हा वाद घरात सुरू झालेला असतो. मागच्या वर्षी बाराच्या बारा बिघ्यांत गहू पेरला. ओंब्या भरायच्या वेळेस विहिरीने तळ गाठला, दाणा बारीक राहिला, मंडीत भावही तसाच मिळाला. यंदा तो विषय कुणी काढत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तोच होता.

त्याच संध्याकाळी बारावीतली पुतणी वही घेऊन आली. "काका, रेषा काढता येते मला. पण तिच्या एका बाजूचा सगळा कागद रंगवायचा कशाला?"

यात तिचा दोष नाही. दोन चलांच्या असमिकांचा आलेख पूर्वी एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होता. अभ्यासक्रम कमी करताना तो वगळला गेला, आणि बारावीत रैखिक प्रोग्रामन मात्र त्याच पायावर उभं आहे.

मी तिला म्हटलं, पुस्तक मिट, आपलं शेत घे. गव्हाचे बिघे क्ष, हरभऱ्याचे य. जमीन बाराच बिघे, म्हणून क्ष + य ≤ १२. बरोबरीचं चिन्ह असतं तर उत्तर म्हणजे नुसती रेषा. इथे कमीही चालतं, म्हणून रेषा आणि तिची एक बाजू, दोन्ही. देवासला जशी थोरली पाती आणि धाकटी पाती, तशा रेषेने कागदाच्या दोन पात्या होतात. आपली कोणती? आरंभबिंदू घालून बघायचा. शून्य अधिक शून्य बारापेक्षा कमी, हे खरं, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू आपली. रेषा स्वतः आरंभबिंदूतून जात असेल तर मात्र दुसरा एखादा बिंदू घ्यावा लागतो. आणि चिन्ह नुसतं 'लहान' असेल, 'किंवा समान' नसेल, तर रेषा तुटक काढायची, कारण ती उत्तरात धरायची नाही.

आता पाणी. आमचा हिशेब गव्हाला चार पाणी, हरभऱ्याला एक. एक बिघा एकदा भिजवला की एक पाळी, असं धरून विहीर हंगामात तीस पाळ्या देते. म्हणून ४क्ष + य ≤ ३०. घरच्या पोळ्यांपुरता तीन बिघे गहू हवाच, म्हणून क्ष ≥ ३. हरभरा उणे पेरता येत नाही, म्हणून य ≥ ०. चारही अटी एकाच कागदावर रंगवल्या आणि जिथे सगळे रंग एकावर एक आले, तो चौकोन उरला. त्याचे कोपरे (३, ०), (७.५, ०), (६, ६) आणि (३, ९).

पुतणीने न सांगता मागच्या वर्षीचा बिंदू टाकला, (१२, ०). जमिनीच्या रेषेवर अगदी बरोबर, पाण्याच्या रेषेच्या पार बाहेर. अठ्ठेचाळीस पाळ्या लागणार होत्या. दादा मागे उभा राहून बघत होता. काही बोलला नाही.

नफा सर्वांत जास्त कुठे, तर अशा चौकोनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर तो सापडतोच. बिघ्यामागे हरभरा जास्त देत असेल तर (३, ९). गहू जास्त देत असेल, पण चौपटीहून कमी, तर (६, ६). म्हणजे मंडीचा नेमका भाव आज माहीत नसला तरी अडत नाही, हे मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

अटी हजारो झाल्या की कागद पुरत नाही. जॉर्ज डॅन्ट्झिग यांनी १९४७ मध्ये कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी कडेने न जाता क्षेत्राच्या आतून वाट काढत उत्तराकडे जाणारी पद्धत मांडली. करमरकर जन्माने ग्वाल्हेरचे. १८५७च्या उठावानंतर अमझेरा ग्वाल्हेर संस्थानात गेलं होतं, त्या नात्याने ते आमचे गाववालेच!

"तीस पाळ्या कुणी सांगितल्या तुला?" दादाने अखेर विचारलं. "विहीर लिहून देते का?"

मी म्हटलं, कमी धर, सव्वीस धर. पाण्याची रेषा स्वतःला समांतर आत सरकते आणि (६, ६) बाहेर पडतो.

"मग कोपऱ्यावर जायचंच कशाला?" त्याने पुतणीच्या हातून पेन्सिल घेतली आणि (५, ६) वर ठिपका दिला. वीस अधिक सहा, सव्वीस पाळ्या. अकरा बिघे. विहिरीने तीस दिल्या तर चार पाळ्या हाताशी, एक बिघा मोकळा. ठिपका कुठल्याच रेषेला टेकलेला नव्हता.

"त्या एका बिघ्यात काय?" वहिनींनी आतून विचारलं.

"बघू," दादा म्हणाला, आणि बियाण्यासाठी फोन लावायला उठला.