१०० पिकोफॅरड, पण कोणता?

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "१०० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर द्या" असे तुम्ही सांगितलेत, तर दुकानदार खणात हात घालून एक लहानशी तपकिरी चकती तुमच्यापुढे ठेवील. तिच्यावर १०१ हा आकडा छापलेला असतो. पहिले दोन अंक तसेच घ्यायचे आणि तिसरा अंक सांगेल तितकी शून्ये त्यांच्यापुढे मांडायची, की झाले १०० पिकोफॅरड. मोजून पाहिलेत तर धारिता जवळजवळ तेवढीच भरेल. तरीसुद्धा हीच चकती तुम्ही महिनाभर खपून बांधलेला ट्रान्सीव्हर निकामी करू शकते. ते कसे, हे पाहू या.

ट्रान्सीव्हर म्हणजे ग्राहक आणि प्रक्षेपक एकाच पेटीत. हौशी रेडिओचालक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, त्यांतले कित्येकजण आपला ट्रान्सीव्हर घरी बांधतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीस 'बिटेक्स' नावाचे एक मंडल तयार केले. आपल्याकडच्या साध्या दुकानांत जे मिळते त्यातूनच ते बांधता यावे, हा त्यांचा कटाक्ष होता. त्यातील युक्ती साधी आहे. एक आंदोलक ४ ते ४.३५ मेगाहर्ट्झ कंप्रतेचे विद्युत् स्पंद निर्माण करतो. त्यांत १० मेगाहर्ट्झ मिळवले की १४ ते १४.३५ मेगाहर्ट्झ होतात, आणि हाच पट्टा हौशी चालकांना दिलेला आहे. बटण फिरवून आपण बदलतो ती फक्त या ४ मेगाहर्ट्झच्या आंदोलकाची कंप्रता.

आता आपली चकती या आंदोलकात बसवा. कंप्रता ठरते ती वेटोळ्याची प्रवर्तकता आणि कंडेन्सरची धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून. त्यामुळे धारिता १ टक्का वाढली, तर कंप्रता अर्धा टक्का उतरते. स्वस्त चकत्यांमध्ये बेरियम टिटॅनेट हे द्रव्य पुष्कळदा वापरलेले असते. त्याचा विद्युत् अपार्यता स्थिरांक हजारोंच्या घरात असतो, म्हणून एवढ्याशा आकारात भरपूर धारिता मावते. पण त्याला 'स्थिरांक' म्हणणे ही थट्टाच आहे. स्फटिकातील अणूंच्या मांडणीवर तो अवलंबून असतो आणि उष्णतेने ही मांडणी हलते. सकाळपासून दुपारपर्यंत खोलीचे तापमान १० अंशांनी चढले आणि धारिता अवघी १ टक्का बदलली असे धरा (हा अंदाज सौम्यच आहे). ४ मेगाहर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे २० किलोहर्ट्झ! एका माणसाच्या बोलण्याला या पट्ट्यात सुमारे ३ किलोहर्ट्झ जागा लागते. म्हणजे तुम्ही बटणाला हातही न लावता सहासात जणांची संभाषणे तुडवीत पुढे जाल. पट्ट्याच्या टोकाशी असाल तर बाहेरच पडाल, आणि तेथे बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

मग घ्यावे काय? ज्या चकतीच्या डोक्यावर काळा पट्टा असतो ती पाहा. तिला 'एनपीओ' म्हणतात. तिची धारिता दर अंशाला दशलक्षात फार तर ३० भागांनी बदलते. वरचेच गणित पुन्हा केले, तर १० अंशांना ६०० हर्ट्झ येतात, तेही अगदी वाईट नमुन्यात. बोलणे चिरके ऐकू येईल, पण बटण किंचित फिरवून ते सावरता येते. पॉलिस्टायरीनचे पारदर्शक कंडेन्सर जुन्या बाजारात मिळाले तर जरूर उचला. तापमान वाढले की त्यांची धारिता थोडी कमी होते. वेटोळे मात्र तापले की फुगते आणि त्याची प्रवर्तकता वाढते. दोन्ही दोष एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. फक्त डाग देताना घाई करा, कारण पॉलिस्टायरीन उष्णतेने वितळते.

म्हणून तपकिरी चकती टाकून द्यायची का? मुळीच नाही. वीजपुरवठ्याच्या तारेवरून भटकणारे रेडिओ स्पंद जमिनीकडे वळवायला ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर लागतात. १४ मेगाहर्ट्झला त्यांचा अवरोध सुमारे ०.११ ओहम असतो. उन्हाने धारिता निम्मी झाली तरी तो ०.२३ ओहम होईल, आणि मंडलाला त्याचा पत्ताही लागणार नाही. तेथे महागडा कंडेन्सर बसवणे ही उधळपट्टी.

वेटोळ्यासाठी 'बिटेक्स'मध्ये नळाचा वॉशर वापरला आहे! परदेशी मंडलांत त्या जागी लोहचूर्णाचे कडे सुचवलेले असते, पण ते आपल्याकडे सहज मिळत नसे. वॉशर चुंबकीय नाही. त्यामुळे फेरे जास्त घ्यावे लागतात, पण तापमानाबरोबर बदलणारा चुंबकीय गुणधर्मच तेथे नसतो. स्वस्त वस्तू येथे कामचलाऊ नाही, चांगलीच आहे.

शेजारच्या चालकांचे आवाज अडवणारी गाळणी १० मेगाहर्ट्झमधून केवळ २.५ ते ३ किलोहर्ट्झ जाऊ देते. साध्या वेटोळ्याची गाळणी सुमारे १०० किलोहर्ट्झ रुंद होईल, म्हणून येथे क्वार्ट्झचे चार स्फटिक लागतात. संगणकी मंडलांत घड्याळाचे काम करणारे हे स्फटिक स्वस्त असतात, पण छापलेल्या आकड्यात दोनतीनशे हर्ट्झ इकडेतिकडे असतात. दहा घ्या. एकाच आंदोलकात एकेक बसवून शाळेच्या किंवा कॉलेजच्या कंप्रतामापकावर मोजा आणि सर्वांत जवळचे चार निवडा. मंडईत भेंडी मोडून पाहणाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको.

शेवटच्या शक्तिवर्धकात आयआरएफ ५१० हा मॉस्फेट असतो. "त्यापेक्षा ५४० घ्या, तो जास्त प्रवाह पेलतो," असे कोणी सांगेल. ऐकू नका. ५१० ची आदान धारिता सुमारे १८० पिकोफॅरड, तर ५४० ची सुमारे १७००. १४ मेगाहर्ट्झला पहिल्याचा अवरोध ६३ ओहमच्या आसपास येतो, दुसऱ्याचा ७ देखील नाही. एवढ्याशा अवरोधावर पुरेसा दाब उभा करणे बिचाऱ्या आधीच्या ट्रान्झिस्टरला जमत नाही.

आज सी ५३५१ नावाची एक चिप मिळते. ती स्फटिकाच्या आधारे हवी ती कंप्रता देते आणि वर सांगितलेला आंदोलकाचा सारा खटाटोप वाचवते. ती वापरायला माझी ना नाही. मात्र एकदा तरी वॉशरवर तार गुंडाळून आंदोलक करा, ग्राहकावर त्याचा सूर ऐका आणि कंडेन्सरवर हळूच फुंकर घाला. सूर सरकला तर कंडेन्सर कोणत्या जातीचा ते कळले.

प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा परवाना लागतो, तो परीक्षा देऊन मिळतो. तो हाती येईपर्यंत प्रक्षेपकाचा भाग जोडू नका. पुढे त्याची चाचणी घेताना एरियलऐवजी १५० ओहमचे, २ वॅटचे तीन कार्बन रोध समांतर जोडून ५० ओहमचा भार करा. तारेचे रोध नकोत, कारण ती मुळात वेटोळीच. तोवर ग्राहक पुरा करा, गच्चीवर १० मीटर लांबीची तार ताणा, मध्यभागी ती तोडून तेथून केबल खाली आणा आणि सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी ऐकायला बसा. १४ मेगाहर्ट्झवर दूरदेशीचे आवाज बहुधा दिवसाच येतात.