परतीची वाट नातवंडांची



२०१९ सालच्या मार्च महिन्यात इस्रायल, लेबनॉन आणि सायप्रस या देशांवरून फुलपाखरांचे थवेच्या थवे उत्तरेकडे चालले होते. रस्ते, शेते, घरांची गच्ची, कशाचीही तमा न बाळगता ती एकाच दिशेने जात होती. तेथील अभ्यासकांनी त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात असावी असा अंदाज केला. या फुलपाखराला इंग्रजीत पेंटेड लेडी म्हणतात. नारिंगी पंख, टोकाशी काळा रंग आणि त्यावर पांढरे ठिपके. वजन एक ग्रॅमसुद्धा नाही.

एवढी फुलपाखरे आली कोठून? त्या हिवाळ्यात अरबस्तान आणि आसपासच्या वाळवंटी मुलखात भरपूर पाऊस झाला होता. पाऊस पडला की वाळूतही तण उगवते. भेंडीच्या कुळातील रानटी झुडपे आणि काटेरी रोपे तरारतात. या तणावर पेंटेड लेडीच्या अळ्या पोसल्या जातात. पुढे ऊन चढले, तण वाळू लागले, की नवी फुलपाखरे वाऱ्याचा आधार घेऊन हिरवळीच्या दिशेने निघतात. त्याच वर्षी उन्हाळ्यात ब्रिटनमधील हौशी निरीक्षकांनी आपल्या वार्षिक मोजणीत सुमारे ४ लाख २० हजार पेंटेड लेडी नोंदविल्या.

अरबस्तानाचे नाव येथे घेतले त्याला कारण आहे. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी दुबईला धाकट्या भावाकडे राहून आले. त्याचे घर डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीत आहे. रांगेने उभ्या असलेल्या बुटक्या इमारती आणि त्यांच्यामध्ये पाणी घालून जोपासलेल्या बागा. एका विभागाचे नाव मुघल, दुसऱ्याचे झेन, तिसऱ्याचे मेडिटरेनियन. भारतीय कुटुंबे इतकी, की संध्याकाळी खाली उतरले तर चार भाषा कानांवर पडतात. बागा संपल्या की मात्र लगेच मोकळी वाळू लागते, आणि त्या वाळूत आपली ओळखीची रुई उभी असते. होय, जिच्या पानांची माळ आपण मारुतीला घालतो तिचीच ही सख्खी बहीण.

दुबईत २०१५ साली फुलपाखरांची एक मोठी बाग उघडली आहे. तेथे घुमटांखाली हजारो फुलपाखरे उडतात आणि तिकीट काढून ती पाहता येतात. आम्हीही पाहिली. पण माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला अधिक आवडली ती घरामागची, बिनतिकिटाची. तीन दिवस आम्ही वही घेऊन मोजत होतो. एकंदर भरली अकरा. त्यांत चार पेंटेड लेडी, बाकीची प्लेन टायगर. हे प्लेन टायगर आपल्या मॉरिशसमध्येही आहे, कोकणातही आहे, आणि त्याची अळी रुईच्याच कुळातील झाडांवर जगते.

शंभर कोटी कोठे आणि अकरा कोठे! पण त्या अकरांनी भाच्याला एक प्रश्न सुचविला. त्याने विचारले, “आत्या, या पापियोंचं घर कुठलं?” प्रश्न फुलपाखरांचा होता, पण त्यामागचे मला कळत होते. मुलाचा जन्म दुबईचा, पासपोर्ट मॉरिशसचा, आणि राहण्याचा परवाना बापाच्या नोकरीवर. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही, हे बोलणे घरात चालू होते आणि ते त्याच्या कानांवर गेले होते.

मी शिक्षिका, मला जे ठाऊक होते ते सांगितले. त्याच्या घराजवळ एक मोठा बाजार आहे, इब्न बतूता मॉल. हा इब्न बतूता मोरोक्कोतील तांजियरचा. १३२५ साली घरून निघाला, फिरत फिरत हिंदुस्थानात आला, आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादही त्याने पाहिले, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी माघारी गेला. माणसाचे आयुष्य तेवढे लांब असते. पेंटेड लेडी जगते अवघे काही आठवडे. तिचा जाण्यायेण्याचा फेरा मात्र आफ्रिकेतील सहारापलीकडच्या प्रदेशापासून थेट उत्तर युरोपपर्यंत, १२ ते १४ हजार किलोमीटरांचा. एकटीला तो कसा पुरा व्हावा? म्हणून आई काही अंतर जाते, अंडी घालते आणि मरते. मुलगी तेथून पुढे निघते. मग नात, मग पणती. जी निघाली ती परतत नाही आणि जी परतते तिने मूळ गाव कधी पाहिलेलेच नसते.

यातील परतीचा भाग तर पुष्कळ वर्षे कोणाला दिसतच नव्हता. वसंतात युरोपात येणारी फुलपाखरे सर्वांना दिसत, शरद ऋतूत जाणारी दिसत नसत. तेव्हा ती थंडीने तेथेच मरून जात असावीत, असे पुष्कळांना वाटे. २००९ साली ब्रिटनमध्ये रडार लावून आणि हजारो निरीक्षकांची मदत घेऊन शोध केला गेला. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. वसंतात सुमारे १ कोटी १० लाख फुलपाखरे आली होती आणि शरदात २ कोटी ६० लाख परत निघाली होती. ती जमिनीपासून सरासरी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून, वाऱ्याच्या पाठबळावर, ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने गेली. डोळ्यांना दिसली नाहीत एवढेच. जी आली त्यांच्या दुपटीहून अधिक परतली!

समुद्राचे भयही त्यांना फारसे नसावे. २०१३ साली दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर थकलेल्या पेंटेड लेडी सापडल्या. त्यांच्या अंगावरचे परागकण आणि पंखांतील द्रव्ये तपासून शास्त्रज्ञांनी २०२४ साली सांगितले, की त्या पश्चिम आफ्रिकेकडून अटलांटिक ओलांडून, निदान ४,२०० किलोमीटर उडून आल्या असाव्यात.

आपल्या पूर्वजांच्या सह्याद्रीतही असाच प्रकार चालतो. डार्क ब्ल्यू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरे पावसाळ्याचा जोर सुरू होण्यापूर्वी पश्चिम घाट सोडून पूर्वेकडील मैदानांत उतरतात, आणि पाऊस ओसरल्यावर घाटाकडे परत फिरतात. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील कृष्णमेघ कुंटे यांनी दक्षिण भारतातील या प्रवासाचा अभ्यास केला आहे. येथेही जाणारी एक पिढी आणि परतणारी पुढची.

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, “मग घर म्हणजे रस्ताच!” मला वाटते, त्याला उत्तर मिळाले होते. अर्थात रस्ता म्हटला म्हणजे वाटेत मुक्काम हवेत. एका सकाळी आम्ही खाली गेलो तो मोकळ्या जागेतली रुईची झुडपे साफ झाली होती. सफाईवाल्यांचा काही दोष नाही. त्यांना तण काढण्याचाच पगार मिळतो. पण त्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. आदल्या दिवशी भाच्याने दोन अळ्या डब्यात घालून वर आणल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. एक मेली. दुसरीने डब्याच्या झाकणाला कोश केला. मी परत आल्यावर भावाने कळविले, की त्यातून फुलपाखरू निघाले आणि गॅलरीतून उडून गेले.

वाचकहो, १८३४ पासून जी जहाजे आपल्या बेटाच्या धक्क्याला लागली, त्यांतील पुढच्या काही जहाजांनी रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसेही आणली. त्यांतील बहुतेकांनी पुन्हा कोकण पाहिले नाही. आज त्यांची पणतवंडे क्रिओल बोलतात, फ्रेंच वाचतात, दुबईत नोकरी करतात. आपले मराठीपण संपले, असे कोणी म्हणतो तेव्हा मला ते रडार आठवते. दिसत नाही म्हणून नाही, असे होत नाही. परंतु वाटेत पान मिळाले नाही तर अळी जगत नाही, हेही तितकेच खरे. घरातील एखादी ओवी, आजीचा एखादा शब्द, शनिवारचा मराठी वर्ग, ही आपल्या वाटेवरची रुई आहे. तण समजून ती काढून टाकणे सोपे असते.

शाळेतील सहकाऱ्यांना एक सूचना. कुंपणाकडेचा थोडा तुकडा न साफ करता राहू द्यावा. रुईच्या कुळातील एखादे झुडूप असल्यास त्यावर औषध फवारू नये. त्याचा चीक डोळ्यांना अपाय करतो, म्हणून पाने मुलांनी तोडू नयेत, शिक्षकांनी तोडून हात धुवावेत. मुलांना एक वही द्यावी. किती आली, कोणत्या दिशेने गेली, एवढे त्यांनी लिहावे. पहिल्या आठवड्यात दोनच भरली तरी पान कोरे सोडू नये.