बांधावरचं भांडण मिटलं, तरी नोकरीच्या अर्जात केस लपवू नका

बांधावरून भावकीत भांडण होतं. मारहाण, शिवीगाळीची केस होते आणि घरातल्या शिकणाऱ्या पोराचंही नाव त्यात टाकलं जातं. पुढे गावातली चार माणसं मध्ये पडतात, कोर्टात तडजोड होते, सगळे विसरतात. काही वर्षांनी तोच पोरगा भरतीत निवडला जातो आणि चारित्र्य पडताळणीत जुनी केस वर येते.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का, खटला चालला का, असे प्रश्न त्यात असतात. ‘केस तर मिटली’ म्हणून बरेच जण ‘नाही’ लिहितात आणि इथंच फसतात. तडजोडीने मिटलेला खटला कायद्याने निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो, हे खरं. पण प्रश्न ‘खटला झाला होता का’ असा असेल, तर उत्तर ‘होय’ हेच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याबाबत नियम घालून दिले. गुन्हा किरकोळ असेल, तर माहिती लपवल्याची चूकही नेमणूक करणारा अधिकारी माफ करू शकतो. पण तो त्याचा अधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नाही. खरी माहिती दिली तरी तो पूर्वीचं वर्तन तपासू शकतो. फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलेलं नाही, ते सांगितलं नाही म्हणून मात्र लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. नोकरीत कायम झालेल्याला या कारणावरून काढायचं, तर आधी विभागीय चौकशी करावी लागते.

नोकरीत असतानाही जपून राहावं लागतं. राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, तर नियमानुसार तो निलंबित झाला असं मानलं जातं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आपल्या नावावर काय आहे, ते बघून घ्या. निकालाची सही-शिक्क्याची नकल काढून ठेवा. फॉर्ममध्ये गुन्हा नंबर, कलमं आणि निकालाची तारीख लिहा, सोबत नकल जोडा. शंका असेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे विचारा. भांडण मिटवताना जेवढी घाई केली, तेवढीच काळजी त्याचा कागद सांभाळताना घ्या.