इंटरकूलर बदलायचा, तोही घरच्या अंगणात

ट्रकच्या आणि जीपगाड्यांच्या अंगावर ‘टर्बो’ हा शब्द आपण सगळेच वर्षानुवर्षे वाचत आलो. इंटरकूलर हे नाव मात्र घरात शिरले ते मुलांच्या मोबाइलमधून. एखादा व्हिडिओ पाहून मुलगा म्हणतो, “अब्बा, आपल्या गाडीत मोठा इंटरकूलर बसवू या, घाट उडत चढेल.” अम्मी विचारते, “पैसे किती?” अब्बा विचारतात, “गरज काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमच्याही घरी ते झाले, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच आम्ही पाने हातात घेतले.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. इंजिनातून निघणारा तापलेला धूर टर्बोचे चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. ही कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला चटका देते, तसेच. बाहेरची ३० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली की ती १२० अंशांच्या आसपास पोहोचते. तापलेली हवा विरळ, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी. मधे बसवलेली ॲल्युमिनियमची जाळी ती हवा गार करते. तोच इंटरकूलर.

आता हिशेब करा. नव्या, मोठ्या इंटरकूलरने इंजिनात जाणारी हवा आणखी १० अंश गार केली, तर त्याच दाबावर फक्त ३ टक्के जास्त हवा मावते. व्हिडिओतला मुलगा हे सांगत नाही. गाडीला नवी ताकद येत नाही, उष्णतेने खाल्लेली ताकद थोडी परत मिळते. हे पटले असेल तरच पुढे वाचा.

आमची गाडी जुनी डिझेल एसयूव्ही. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसलेला आणि त्याला वारा मिळावा म्हणून बॉनेटवर झडप. २००९ मध्ये भारतात आलेल्या तीन लिटर डिझेल फॉर्च्युनरची मांडणी अशीच आहे, सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचीही. या मांडणीत हवेचा रस्ता आखूड राहतो, हा फायदा. पण चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना गाडीत सात माणसे, एसी चालू, पुढे उसाचा ट्रक. वेग कमी म्हणून वरून वारा नाही आणि खालून इंजिनाची धग. इंटरकूलरच तापून बसतो.

पण नवा घेण्याआधी जुन्याकडे बघा. बॉनेटची झडप आणि जाळी यांच्यामध्ये रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती झिजली की वारा जाळीतून न जाता बाजूने निसटतो. जाळीत लाल माती आणि मेलेले किडे अडकलेले असतात. ते पाण्याच्या हलक्या धारेने निघतात. जोराची धार मारली तर पातळ पापुद्रे वाकतात. रबरी नळीला चीर गेली असेल तर वेग घेताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते. अनेकदा आजार एवढाच असतो आणि तो एका नळीच्या किमतीत बरा होतो.

हे सगळे करूनही पाहिले, तेव्हा नव्याचा विचार केला. निवडताना एकच गोष्ट पाहिली: मूळच्याच बोल्टांवर बसणारा, काहीही कापावे न लागणारा. फार मोठा घेतला तर तो भरायला हवेला वेळ लागतो आणि पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करत बसते. जाडी वाढली की बॉनेट घासण्याचा धोका असतो. त्यावर अम्मीने मळलेली कणीक कामी आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले छोटे गोळे जाळीवर चार ठिकाणी ठेवले, बॉनेट हळूच मिटून उघडले. गोळा जितका जाड उरला तितकी जागा.

कामाला बसलो ते रविवारी फजरनंतर, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. बॅटरीची ऋण तार आधी काढली. प्रत्येक नळी, प्रत्येक सेन्सर सोडण्यापूर्वी फोटो. काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर, ज्या जागेचे त्या क्रमाने खोचले. जुना इंटरकूलर उचलला की दोन नळ्यांची तोंडे उघडी पडतात. ती लगेच स्वच्छ फडक्याने बंद करायची, आणि फडकी मोजून ठेवायची. एखादा नट तिथून आत गेला आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर संपूर्ण इंजिन जाऊ शकते.

जुन्याच्या आत तेलाचा पातळ थर असला तर घाबरू नका. इंजिनाच्या श्वासनळीतून थोडे तेल येतेच. वाटीभर ओघळले तर मात्र काम थांबवा, आधी टर्बो दाखवा. नवा आणला म्हणून तो आतून स्वच्छ असेलच असे नाही. कापकामाचा ॲल्युमिनियमचा कीस आत राहू शकतो. धुवून, पूर्ण वाळवून मगच बसवा.

खरी कसोटी जोडांची. नळीच्या आतला तेलकटपणा पुसायचा, नळी तोंडावरच्या उंचवट्याच्या पुढे पूर्ण सरकवायची आणि क्लॅम्प त्या उंचवट्यामागे घ्यायचा. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचे, पाना शेवटी. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जोर दाखवला की गेलेच. आमच्या भाच्याला हे दोनदा सांगावे लागले.

ज्यांच्या गाडीत इंटरकूलर पुढे, बंपरमागे असतो, त्यांचे काम जास्त किचकट. तिथे एसीचा कंडेन्सर जवळच असतो. त्याच्या नळ्या सोडू नका, आत गॅस दाबाखाली असतो. धक्का झेलणारी लोखंडी पट्टी कापावी लागणारे किट घेऊच नका. ती पट्टी तुमच्या मुलाबाळांसाठी आहे. आणि गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणीही खाली शिरायचे नाही. सपाट जमीन, मागच्या चाकांना ओट, दोन मजबूत स्टँड. विटा नकोत, दगड नकोत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या एका गोष्टीवर आवाज चढवला तरी चालेल.

सगळे जोडल्यावर फडकी मोजली, मग टर्बोकडच्या तोंडाला बूच लावून जेमतेम १० पीएसआय हवा भरली आणि जोडांवर साबणाचे पाणी शिंपडले. एका क्लॅम्पपाशी बारीक बुडबुडे आले. तो घट्ट केल्यावर थांबले. असर व्हायच्या आत बॉनेट मिटले.

फरक? सपाट महामार्गावर काही नाही. घाटात, चौथ्या-पाचव्या वळणानंतर जी मरगळ यायची ती कमी झाली. धाकट्याला याहून जास्त अपेक्षा होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याचे पुढचे मागणे होते संगणकाची मांडणी बदलून डिझेल वाढवण्याचे. त्याला आम्ही साफ नाही म्हटले. जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता, जास्त धूर, आणि जुन्या क्लचवर जास्त भार.

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. म्हणून काही बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. जुना इंटरकूलर भंगारात देऊ नका. आमचा तोंडे बंद करून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. बोल्टांचा तो पुठ्ठाही त्याच्याच सोबत बांधलेला आहे.